चित्तवृत्ति आणि मैदानावरील यश

क्रीडासंमेलनाच्या दिवशीं मैदानाच्या कडेला उभें राहून शर्यती पाहणाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहत नाहीं. ज्या मुलानें सरावाच्या वेळीं सर्वांस मागें टाकिलें, तोच मुलगा खऱ्या शर्यतीच्या दिवशीं तिसरा किंवा चवथा येतो. आणि ज्याच्याकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें, तो छाती पुढें काढून दोरी तोडतो. पाय तेच, फुफ्फुसें तींच, मैदानहि तेंच. मग एका रात्रींत बदललें काय? अशा वेळीं आपल्या तोंडून सहज उद्गार निघतो, ‘‘आज त्याचें मनच नव्हतें.’’ हा उद्गार आपण इतक्या वेळां ऐकतों कीं, त्याचा अर्थ काय, असें विचारण्याचें आपणांस सुचतच नाहीं. मन होतें कीं नव्हतें हें मोजतां येतें काय? येत असल्यास त्याचा आणि धांवण्याच्या वेगाचा संबंध कितपत आहे? आणि मन बिघडलेलें असल्यास तें ताळ्यावर आणण्यास कांहीं उपाय आहे काय?

ह्या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारें एक शास्त्र आहे. त्यास क्रीडामानसशास्त्र म्हणतात. त्या शास्त्रांतील ज्या संशोधकांनीं चित्तवृत्ति आणि खेळांतील यश ह्यांचा संबंध शोधण्यांत आपलीं बरींच वर्षें वेंचलीं, त्यांत इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू लेन व त्यांचे ज्येष्ठ सहकारी पीटर टेरी ह्यांचीं नांवें अग्रभागीं येतात. त्यांच्या कार्याची ओळख आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

परंतु हाच विषय आम्हीं कां निवडला, हें प्रथम सांगणें आमचें कर्तव्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पंधराशें मीटरच्या शर्यतीसाठीं आम्ही एका मुलास तयार करीत होतों. मुलगा नववींत होता, काटक होता, आणि त्याचा श्वास लांब होता. आंतरशालेय सामन्यांत तो पहिला येईल अशी आमची खात्री होती. सामन्यापूर्वीं सुमारें तीन आठवडे त्याचा वेळ वाढूं लागला. एके दिवशीं तो जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘सर, पाय जड झाल्यासारखे वाटतात. धांवावेंसें वाटत नाहीं.’’ आम्हीं त्यास आळशी ठरविलें. चार मुलांदेखत त्याला बोललों, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या दोन फेऱ्या वाढविल्या. त्यानें त्याहि निमूटपणें पुऱ्या केल्या. सामन्याच्या दिवशीं तो शेवटून दुसरा आला. त्यानंतर तो मैदानावर येईनासा झाला. पुढें त्याची आई शाळेंत आली तेव्हां आम्हांस कळलें कीं, त्याचे आजोबा अंथरुणास खिळले होते आणि रात्रीं त्यांच्याजवळ बसण्याची पाळी त्याच्यावर होती. ‘‘सर, तो घरीं कोणाशीं बोलतच नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘आम्हांला वाटलें, शर्यतीच्या काळजीनें असेल.’’ घरच्यांस वाटलें शाळेची काळजी, आणि आम्हांस वाटला आळस. मुलाला काय वाटत होतें, तें मात्र कोणींच विचारिलें नाहीं. ती बोच मनांत राहिली, म्हणून आम्ही ह्या विषयावरील ग्रंथ चाळूं लागलों.

प्रथम ‘चित्तवृत्ति’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करूं. कोणी आपली पेन्सिल मोडली तर आपणांस राग येतो. त्या रागास कारण असतें, तो कोणा एकावर असतो, आणि थोड्या वेळानें ओसरतो. ह्याला भावना म्हणावें. परंतु एखाद्या दिवशीं सकाळपासूनच आपणांस सर्व फिकें फिकें वाटतें; विशेष कारण सांगतां येत नाहीं; जें जें घडतें त्याला तोच रंग चढतो. ही चित्तवृत्ति होय. ती एका भावनेची बनलेली नसते. अनेक भावना तिच्यांत कमीअधिक प्रमाणांत मिसळलेल्या असतात. भावना ही पावसाची सर मानिली, तर चित्तवृत्ति ही त्या दिवसाची हवा आहे. ती कायमची नसते, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्वभाव बदलण्यास वर्षें लागतात. चित्तवृत्ति कांहीं तासांत पालटूं शकते.

आतां ही हवा मोजावी कशी? १९७१ सालीं अमेरिकेंत मॅकनेर, लॉर आणि ड्रॉपलमन ह्या तिघां मानसशास्त्रज्ञांनीं एक मापनपत्रक प्रसिद्ध केलें. त्यांत मनाची स्थिति दर्शविणारे ६५ शब्द अथवा लहान शब्दसमूह होते. प्रत्येक शब्दापुढें ‘मुळींच नाहीं’ पासून ‘अत्यंत’ पर्यंत पांच पायऱ्या. त्यांतील आपणांस लागू पडेल ती खूण करावयाची. उत्तरांवरून चित्तवृत्तीचीं सहा अंगें मोजलीं जात: ताण, खिन्नता, राग, उत्साह, थकवा आणि गोंधळ. हें पत्रक मूळ मनोविकारांवर उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठीं केलेलें होतें. तें मैदानावर नेण्याचें श्रेय मुख्यत्वें विस्कॉन्सिन विद्यापीठांतील विल्यम मॉर्गन ह्यांना आहे.

मॉर्गन ह्यांनीं कुस्तीगीर, लांब पल्ल्याचे धांवपटू, नौका वल्हविणारे अशा निवडक खेळाडूंकडून हें पत्रक भरून घेतलें. सामान्य माणसाचा सरासरी अंक ५० येईल अशा रीतीनें त्यांनीं अंक मांडिले, आणि त्यांची आकृति काढिली. तेव्हां एक मौज दिसून आली. उत्तम खेळाडूंच्या बाबतींत ताण, खिन्नता, राग, थकवा आणि गोंधळ हीं पांचहि अंगें ५० च्या रेषेखालीं राहिलीं, आणि एकटा उत्साह त्या रेषेच्या पुष्कळ वर गेला. ५० ची रेषा हा समुद्राचा पृष्ठभाग कल्पिला, तर पाण्याबाहेर एक सुळका आणि बाकीचा भाग पाण्याखालीं, असें तें चित्र होतें. म्हणून मॉर्गन ह्यांनीं १९८० सालीं लिहिलेल्या लेखांत त्यास ‘हिमनगाची आकृति’ असें नांव दिलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, मनाचें आरोग्य आणि खेळांतील यश हीं हातांत हात घालून चालतात; मन जसजसें आजारी पडेल, तसतसें यश दूर जाईल.

हा विचार आकर्षक होता, आणि आकर्षक विचारांच्या वांट्यास जें येतें तें ह्याच्याहि वांट्यास आलें. कोणी असें समजूं लागले कीं, आतां धांवण्याची शर्यत घेण्याचें कारण नाहीं. पत्रक भरून घेतलें म्हणजे विजयी कोण तें कळेल! परंतु शास्त्राचा मार्ग असा आहे कीं, एकानें केलेलें विधान दुसऱ्यानें पुन्हां तपासावयाचें. १९९५ सालीं रौली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोंपर्यंत झालेल्या अनेक संशोधनांचे आंकडे एकत्र करून हिशेब केला. यशस्वी खेळाडूंची आकृति हिमनगासारखी असण्याकडे कल होता खरा. परंतु खेळाडूखेळाडूंतील फरकाचे शंभर वाटे केले, तर त्यांतील एक पुरा वाटाहि ह्या आकृतीनें उलगडत नव्हता. ज्यांची आकृति सुरेख होती असे पुष्कळ खेळाडू मागें राहिले होते, आणि ज्यांची वांकडी होती असे कित्येक पुढें गेले होते. चित्तवृत्तीवरून खेळाडू निवडूं नयेत, हें मॉर्गन ह्यांच्या मताचे पुरस्कर्तेहि मान्य करितात.

मग हा सर्व खटाटोप व्यर्थ झाला काय? येथेंच टेरी आणि लेन ह्यांच्या कार्याचें महत्त्व आहे. त्यांनीं म्हटलें, प्रश्नच जरा चुकीचा विचारला गेला आहे. आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि गल्लींतील खेळाडू ह्यांच्या चित्तवृत्ति ताडून पाहण्यांत अर्थ थोडा. कारण मोठा खेळाडू मोठा होतो तो शरीराच्या घडणीनें, शिक्षणानें आणि वर्षानुवर्षांच्या सरावानें. तोहि उदास होतो, आणि लहान खेळाडूहि आनंदांत असतो. जवळ जवळ सारख्या योग्यतेचे खेळाडू घ्यावे, आणि त्यांतील कोणता त्या दिवशीं आपल्या योग्यतेस साजेसा खेळला हें पाहावें. म्हणजे चित्तवृत्तीचा प्रभाव दिसेल.

२००० सालीं बीडी, टेरी आणि लेन ह्यांनीं ह्या दोन प्रश्नांचे दोन निरनिराळे हिशेब प्रसिद्ध केले. अशा हिशेबांत परिणामाचें एक माप असतें. त्यांत सामान्यतः ०·२ म्हणजे लहान, ०·५ म्हणजे मध्यम आणि ०·८ म्हणजे मोठा परिणाम, असें धरितात. निरनिराळ्या दर्जाचे खेळाडू ताडले तेव्हां हें माप केवळ ०·१० आलें. म्हणजे जवळ जवळ कांहींच नाहीं. परंतु प्रत्यक्ष खेळाचा निकाल पाहिला तेव्हां तें ०·३१ आलें. उत्साह, गोंधळ आणि खिन्नता ह्यांचा परिणाम मध्यम. राग आणि ताण ह्यांचा लहान. आणि थकव्याचा अगदींच थोडा, असा क्रम लागला. आणखी एक गोष्ट अशी कीं, ‘तूं कितवा आलास’ ह्यापेक्षां ‘तूं आपल्या नेहमींच्या मानानें कसा खेळलास’ ह्या कसोटीनें पाहिलें म्हणजे चित्तवृत्तीचा संबंध अधिक स्पष्ट दिसला. आमच्या वाचकांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडणार आहे.

राग आणि ताण ह्यांचा परिणाम लहान कां आला, हा प्रश्न लेन आणि टेरी ह्यांना स्वस्थ बसूं देईना. मॉर्गन ह्यांच्या मतानें राग हा वाईटच असावयास पाहिजे होता. परंतु १९९५ सालीं टेरी व स्लेड ह्यांनीं कराटे नामक जपानी द्वंद्वयुद्धाच्या सामन्यांत भाग घेणाऱ्यांची तपासणी केली होती, तींत जिंकणाऱ्यांचा रागाचा अंक हरणाऱ्यांपेक्षां अधिक भरला होता! एका ठिकाणीं राग घातक, दुसऱ्या ठिकाणीं साह्यकारी. ह्याची संगति कशी लावावी? २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्या दोघांनीं पुढें मांडिलेलें उत्तर असें कीं, राग आणि ताण हीं स्वतः चांगलीं नव्हेत आणि वाईटहि नव्हेत. त्यांच्या शेजारीं खिन्नता आहे कीं नाहीं, ह्यावर त्यांचें फळ अवलंबून असतें.

हें उदाहरणानें स्पष्ट करूं. खो-खोच्या सामन्यांत दोन मुलींचा प्रारंभींच गडी बाद होण्याचा प्रसंग आला आणि दोघींनाहि राग आला. पहिलीचें मन एरव्हीं प्रसन्न आहे. तिचा राग बाहेर वळतो. ‘पुढच्या डावांत बघतेंच,’ असें ती म्हणते, आणि पायांत अधिक चपळाई येते. दुसरी आधींपासून खिन्न आहे. खिन्न मनाचा धर्म असा कीं, तें गत काळांतील अपयशें शोधून शोधून पुढें आणतें. तिचा राग आंत वळतो. ‘मी अशीच, माझ्याकडून कांहीं होणार नाहीं,’ असें ती मनाशीं म्हणते, आणि पुढचा डाव सुरू होण्याच्या आधींच तो हरलेली असते. ताणाचेंहि तसेंच. प्रसन्न मनास छातींतील धडधड सांगते, ‘प्रसंग महत्त्वाचा आहे, सावध हो.’ खिन्न मनास तीच धडधड सांगते, ‘आतां तुझी फजिती होणार.’ विस्तव एकच; चुलींत असला तर भाकरी भाजतो, छपरावर पडला तर घर जाळतो. म्हणून ह्या दोघां संशोधकांच्या मतें सहा अंगांत खिन्नतेकडे सर्वांआधीं लक्ष दिलें पाहिजे. ती थोडी जरी असली, तरी उत्साह घटवून थकवा, गोंधळ, राग आणि ताण ह्यांना बळ देते.

टेरी, लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेलें आणखी एक काम शाळांच्या दृष्टीनें फार उपयोगाचें आहे. ६५ शब्दांचें जुनें पत्रक लांबलचक होतें, आणि त्यांतील कित्येक शब्द मुलांस समजत नसत. शर्यतीच्या आधीं एवढें पत्रक भरीत बसण्यास सवड कोणास असणार? म्हणून त्यांनीं १९९९ सालीं कुमारवयाच्या मुलांकरितां २४ शब्दांचें लहान पत्रक तयार केलें. प्रत्येक अंगास चार शब्द, प्रत्येक शब्दास शून्यापासून चारपर्यंत अंक. म्हणजे कोणतेंहि अंग शून्य ते सोळा ह्यांच्या दरम्यान येतें. शब्द साधे, मुलांच्या तोंडचे: चिंतातुर, दुःखी, चिडलेला, तरतरीत, दमलेला, गोंधळलेला, अशा अर्थाचे. प्रश्न एकच: ‘ह्या क्षणीं तुला कसें वाटतें?’ पुढें २००३ सालीं हेंच पत्रक प्रौढांसहि लागू पडतें असें त्यांनीं दाखवून दिलें. इंग्लंडांतील ब्रूनेल विद्यापीठावरून त्यास ब्रूनेल चित्तवृत्ति-मापन असें म्हणतात. तें भरण्यास एक-दोन मिनिटें पुरतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हें पत्रक म्हणजे तापमापक नव्हे. मूल जें सांगेल तेंच त्यांत येतें. आणि शिक्षकाच्या भीतीनें मूल ‘मी अगदीं आनंदांत आहें’ असें लिहूं शकतें. तसेंच खिन्न मुलगा मागें राहिला, एवढ्यावरून खिन्नतेमुळेंच मागें राहिला असें सिद्ध होत नाहीं. कदाचित् सराव नीट न झाल्यामुळें तो खिन्नहि झाला असेल आणि मागेंहि राहिला असेल. पत्रकाचा अंक हा रोगाचें निदान नव्हे. तो केवळ एक दार ठोठावण्याचें निमित्त आहे.

परंतु दार वेळेवर ठोठावलें तर किती लाभ होतो, ह्याचें उदाहरण पुन्हां मॉर्गन ह्यांच्याच कार्यांत सांपडतें, आणि आम्हांस व्यक्तिशः तेंच सर्वांत अधिक झोंबलें. १९८७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पोहणाऱ्या खेळाडूंवरील दहा वर्षांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. सुमारें २०० मुलगे व २०० मुली त्यांत होत्या. हंगामाच्या आरंभीं त्यांचीं मनें स्वस्थ होतीं. जसजसें रोजचें पोहण्याचें अंतर वाढविलें, तसतशी चित्तवृत्ति बिघडत गेली. उत्साह उतरला, थकवा आणि खिन्नता चढली. हिमनग जणूं उलटा झाला. नंतर मोठ्या सामन्यांपूर्वीं श्रम कमी केले, तेव्हां चित्तवृत्ति पुन्हां मूळ पदावर आली. श्रमाची मात्रा वाढली कीं बिघाड वाढावा, कमी झाली कीं कमी व्हावा, असा हा सरळ हिशेब होता. कांहीं खेळाडूंचे मात्र श्रम आणि विश्रांति ह्यांचा मेळ बसत नाहीं. त्यांना एक प्रकारची मरगळ येते, वेळ वाढतो, झोंप व भूक बिघडते, मन खचतें. ह्या मरगळीवर उपाय एकच, तो म्हणजे विश्रांति. आणि नेमकें ह्याच वेळीं बहुतेक खेळाडू आणि त्यांचे शिक्षक उलट करितात: वेळ वाढला म्हणून सराव वाढवितात. त्या मुलाच्या दोन फेऱ्या आम्हांस येथें आठवल्या.

व्यायामानें मन प्रसन्न होतें, हें तर आपण सारे जाणतों, आणि तें खरेंहि आहे. १९९४ सालीं थेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, वाईट चित्तवृत्ति घालविण्यास लोक कोणकोणते उपाय करितात ह्याचा शोध केला. त्यांत व्यायाम हाच सर्वांत गुणकारी ठरला. परंतु पोहणाऱ्यांच्या उदाहरणावरून दिसतें कीं, तोच व्यायाम मर्यादेबाहेर गेला कीं मनाचें खच्चीकरण करितो. मात्रा हीच औषध ठरविते.

आतां मन बिघडलेलें आढळलें, तर खेळाडूनें करावें काय? लेन ह्यांच्या उत्तरकालीन कार्याचा रोख मुख्यतः ह्या प्रश्नाकडे आहे. बी. बी. सी. ह्या ब्रिटिश नभोवाणी संस्थेच्या साह्यानें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक विस्तृत प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. ४४,७४२ लोकांनीं त्यांत भाग घेतला. सर्वांस संगणकावर अंक शोधण्याचा एक खेळ दिला होता, आणि निरनिराळ्या गटांस मन आंवरण्याच्या निरनिराळ्या युक्त्या थोडक्यांत शिकविल्या होत्या. ज्यांनीं मनांतल्या मनांत स्वतःशीं धीराचे शब्द बोलण्याची युक्ति वापरिली, उदाहरणार्थ ‘पुढच्या वेळीं मी अधिक चपळाईनें करीन,’ त्यांचा खेळ सुधारला; तसेंच ज्यांनीं आपण नीट खेळत आहों असें चित्र डोळ्यांपुढें आणिलें त्यांचाहि सुधारला. ‘असें झालें तर तसें करीन’ अशी आगाऊ योजना ठरविण्याची युक्ति मात्र त्यांच्या मानानें फिकी पडली. संगणकावरील खेळ म्हणजे मैदान नव्हे, हें खरें. परंतु थोड्याशा शिक्षणानें मनाची लगाम कांहीं अंशीं आपल्या हातीं येते, एवढें ह्यावरून म्हणतां येईल.

दुसरी युक्ति संगीताची. टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२० सालीं १३९ संशोधनांचा एकत्र हिशेब केला. व्यायामाच्या वेळीं ऐकलेल्या संगीतानें मन अधिक प्रसन्न होतें, श्रम कमी झाल्यासारखे वाटतात, आणि कार्यशक्तींतहि थोडी भर पडते, असें त्यांस आढळलें. नांगर धरणारा, मोट हांकणारा, जात्यावर बसणारी, ह्या आपल्या लोकांनीं श्रमाबरोबर गाण्याची जोड कां घातली असेल, ह्याचें उत्तर कदाचित् ह्यांतच असेल.

आमच्या विद्यार्थी मित्रांनीं ह्यांतून काय घ्यावें? शर्यतीच्या सकाळीं छाती धडधडली तर भिऊं नये. ती तुमची शत्रू नाहीं. राग आला तर तो आपल्यावर उलटूं न देतां पुढच्या पावलांत घालावा. मनांतल्या मनांत जें बोलाल तें मित्राशीं बोलावें तसें बोलावें. मित्र पडला तर आपण त्यास ‘तूं निकामी आहेस’ असें म्हणत नाहीं. वहींत रोज रात्रीं दोन ओळी लिहाव्या: आज किती धांवलों, आणि मन कसें होतें. महिन्याभरानें ती वही तुम्हांस पुष्कळ कांहीं सांगेल. आणि पाय जड झाले, झोंप लागेना, खेळ नकोसा वाटूं लागला, तर तें लपवूं नये. सांगणें हा दुबळेपणा नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे. मूल मैदानावरून घरीं आलें म्हणजे आपला पहिला प्रश्न बहुधा ‘कितवा आलास?’ असा असतो. बीडी, टेरी आणि लेन ह्यांचा हिशेब आठवावा: मनाचा संबंध दुसऱ्याशीं केलेल्या तुलनेपेक्षां स्वतःच्या मापाशीं अधिक आहे. म्हणून ‘आज कसें वाटलें? मागच्यापेक्षां बरें झालें काय?’ असें विचारून पाहावें. उत्तर लगेच मिळणार नाहीं. तरी विचारणें सोडूं नये. खेळापुरती उदासी एक-दोन दिवसांत निघून जाते. परंतु ती दोन आठवडे टिकली, मूल खाणें, झोंपणें, सोबत्यांत मिसळणें टाळूं लागलें, तर ती आळसाची किंवा हट्टाची बाब समजूं नये. विलंब न करितां वैद्याचा सल्ला घ्यावा. पदकें पुन्हां मिळतील.

आणि आम्हां शिक्षकांनीं? ज्या मुलाची हकीकत आम्हीं वर दिली, त्याला पुढें आम्ही त्याच्या घरीं जाऊन भेटलों, आणि आपली चूक चार शब्दांत कबूल केली. तो खालीं मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, मला तेव्हां वाटलें, तुमचें खरेंच असेल, मी आळशीच असेन.’’ शेवटून दुसरा आल्याचें त्याला फारसें वाटलें नव्हतें. आम्हीं लावलेलें विशेषण मात्र त्यानें खरें मानिलें होतें. खिन्न मन दुसऱ्यानें दिलेला दोष किती सहज आपलासा करितें, हें आम्हीं पुढें पुस्तकांत वाचिलें. परंतु आधीं तें त्या मुलाच्या तोंडून ऐकिलें होतें. दहावीच्या वर्षीं तो पुन्हां मैदानावर आला. तो पहिला आला नाहीं. परंतु आपल्या जुन्या वेळेपेक्षां चार सेकंद आधीं त्यानें शर्यत पुरी केली, आणि हंसत आमच्याकडे आला.

तेव्हांपासून आमच्या मैदानावर एक लहानशी रीत पडली आहे. सरावाच्या आरंभीं हजेरी घेतांना मूल ‘हजर’ म्हणतें आणि त्यापुढें शून्यापासून चारपर्यंत एक अंक सांगतें. आज आपल्या अंगांत तरतरी किती, एवढाच त्याचा अर्थ. अंक कितीहि असो, त्यावरून कोणास बोलावयाचें नाहीं, असा नियम आहे. ज्याचा अंक सलग तीन दिवस शून्य किंवा एक येतो, त्याला फेऱ्या मारावयास न लावितां आम्ही झाडाखालीं आपल्याजवळ बसवून घेतों. बहुतेक वेळां तो कांहीं बोलत नाहीं. आम्हीहि घाई करीत नाहीं.